अकरा चौरस मीटरचा मुक्काम

नोव्हेंबर 2024 मध्ये मी एकटीने जपानला जाऊन आले आणि तिथला सगळा मुक्काम टोकियो आणि कानाझावा या दोन शहरांतल्या बिझनेस हॉटेलांत केला. जपानची रेल्वे, बघण्याची ठिकाणे, खाणेपिणे यांविषयी निघण्यापूर्वी पुष्कळ वाचायला मिळाले. पण कामानिमित्त फिरणाऱ्या एकट्या माणसासाठी बांधलेल्या त्या छोट्या खोलीत नेमके कसे राहायचे, बॅग कुठे उघडायची, अंघोळ कशी करायची, कपडे कुठे धुवायचे, पन्नाशी ओलांडलेली बाई एकटीच आलेली पाहून कोण काय विचारील, याची उत्तरे सलग कुठे सापडली नाहीत. त्यामुळे मला जी धाकधूक झाली ती दुसऱ्या कोणाला होऊ नये, म्हणून आरक्षणापासून चेक-आउटपर्यंतचे सगळे क्रमाने लिहीत आहे.

आरक्षण मी ऑगस्टच्या अखेरीस केले, कारण व्हिसाच्या अर्जासोबत रोज कुठे मुक्काम करणार याचा तपशील द्यावा लागतो. नोव्हेंबर हा तिथे पाने लाल-पिवळी होण्याचा हंगाम असल्यामुळे दर चढलेले होते. टोकियोत उएनो स्टेशनापासून चालत सात-आठ मिनिटांवरच्या हॉटेलात एका रात्रीचे 11,500 येन पडले, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण 6,300 रुपये. कानाझावाला 8,400 येनांत, म्हणजे 4,600 रुपयांच्या आसपास खोली मिळाली. आपल्याकडच्या सहलींत एकट्या माणसाला दोघांच्या खोलीचा भुर्दंड सोसावा लागतो, तसा तो इथे बसत नाही. जपानात दर बहुधा खोलीत किती माणसे झोपणार यावर ठरतो, आणि एका माणसासाठीच आखलेल्या खोल्या या हॉटेलांत शेकड्याने असतात. आरक्षण करताना तीन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली म्हणजे खोली धूम्रपान न करणाऱ्यांसाठीची आहे ना, कारण स्वस्त दिसणारी खोली पुष्कळदा धूम्रपानाची असते आणि तो वास गादी-पडद्यांतून जात नाही. दुसरी पलंगाची रुंदी. 120 सेंटिमीटरचा पलंग एका माणसाला चालतो, 140 सेंटिमीटरचा असेल तर ऐसपैस होते. तिसरी खोलीचे क्षेत्रफळ. माझ्या खोलीपुढे 11 चौरस मीटर असे लिहिले होते, म्हणजे न्हाणीघर धरून जेमतेम 118 चौरस फूट. नाशिकच्या माझ्या घरातले स्वयंपाकघर याहून मोठे आहे. तो आकडा वाचल्यावर मी दोन दिवस पैसे भरायचे थांबवले होते, हे खरे. व्हिसा अजून हातात नव्हता, म्हणून शेवटी विनाशुल्क रद्द करता येईल असा थोडा महाग दर निवडला, आणि माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच निवडावा.

व्हिसाचे काम सप्टेंबरात मुंबईच्या अर्ज केंद्रात झाले. अर्ज, फोटो, दिवसवार कार्यक्रम, हॉटेलांची आरक्षणे, विमानाचे आरक्षण, बँकेचे विवरण आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे एवढे कागद दिले. व्हिसाचे शुल्क तेव्हा पाचशे रुपयांच्या आसपास होते आणि केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे पडते. निर्णय यायला आठवड्याहून थोडा अधिक वेळ लागला. 1 एप्रिल 2024 पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळू लागला आहे, त्यामुळे पासपोर्टवर काही चिकटवून येत नाही. विमानतळावर मोबाइलमध्ये इंटरनेट चालू ठेवून व्हिसाचे पान उघडून दाखवावे लागते. त्याची छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत. म्हणून मुंबईच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत मोबाइलची बॅटरी आणि डेटा दोन्ही राखून ठेवावेत.

मंगळवारी, 5 नोव्हेंबरच्या सकाळी नारिता विमानतळावर उतरले. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती सरकारी संकेतस्थळावर आधीच भरून ठेवली होती, त्यामुळे बोटांचे ठसे, फोटो आणि सामान या सगळ्यांतून तासाभरात मोकळी झाले. नारिताहून उएनोला जाणाऱ्या स्कायलायनर गाडीला अडीच हजार येनांच्या आसपास पडतात आणि पाऊण तासात माणूस पोहोचतो. साडेदहाच्या सुमारास मी हॉटेलच्या दारात उभी होते. खोली मात्र दुपारी तीनला मिळणार होती. ही वेळ तिथे काटेकोरपणे पाळतात. काही हॉटेलांत तर ती चारची असते. काउंटरवरच्या तरुणीने माझे नाव यादीत पाहिले, बॅग ताब्यात घेतली, तिला एक क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि तिचा अर्धा भाग फाडून माझ्या हातात दिला. या सेवेचे पैसे घेत नाहीत. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर हे साडेचार तास फार जड जातात, हे आधीच मनाशी धरून चालावे. औषधे, दात घासायचा ब्रश, एक स्वेटर आणि चार्जर हातातल्या पिशवीत काढून ठेवावेत, म्हणजे बॅग पुन्हा मागायला जावे लागत नाही. मी उएनोच्या बागेत शिनोबाझु तळ्याकाठी बसून राहिले. उन्हात डोळे मिटत होते, आणि परक्या देशात बाकावर झोप लागली तर काय या काळजीने मी पुनःपुन्हा उठून चालत होते.

तीनला परत आले तेव्हा लॉबीत सात-आठ माणसांची रांग होती आणि जवळजवळ प्रत्येक जण एकटा होता. काळ्या सुटातली माणसे, दोन विद्यार्थिनी, माझ्याच वयाची एक जपानी बाई. ती रांग पाहून माझ्या मनावरचा निम्मा भार उतरला. परदेशी पाहुण्याचे नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक नोंदवून घेणे तिथल्या नियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणून पासपोर्ट मागतात, त्याची प्रत काढतात आणि लगेच परत देतात. पैसे बहुतेक ठिकाणी आधीच घेतात. इथे त्यासाठी शेजारी एक यंत्र होते. त्यात कार्ड घातले किंवा नोटा सरकवल्या की पावती आणि सुटे पैसे बाहेर येतात. हॉटेलच्या दराखेरीज निवासकर वेगळा द्यावा लागतो. टोकियोत दहा हजार येनांच्या आत भाडे असेल तर काही नाही, दहा ते पंधरा हजारांच्या आत असेल तर रात्रीला 100 येन आणि त्यावर 200 येन, असा हिशेब तेव्हा होता. हा कर 2002 सालापासून घेतला जातो. संकेतस्थळावर पूर्ण पैसे भरले असले तरी ही रक्कम काउंटरवर मागतात, म्हणून थोडे सुटे येन जवळ असावेत.

या सगळ्यात त्या तरुणीने मला मुक्कामाच्या रात्री, नाश्त्याची वेळ आणि खोली रोज साफ करून हवी का, एवढेच विचारले. सोबत कोण आहे, इथे कोणाकडे आलात, घरच्यांचा नंबर द्या, असे काहीही नाही. आपल्याकडे कामासाठी एकटीने फिरताना काउंटरवर ही प्रश्नावली मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी आपण काही खुलासा देणे लागतो असे वाटत आले आहे. इथे खुलासा कोणीच मागितला नाही. बिझनेस हॉटेल ही सगळी रचनाच एकट्या माणसाला गृहीत धरून झाली आहे, आणि मला या प्रवासात मिळालेला सर्वांत मोठा दिलासा हा होता. ज्यांना तरीही धास्ती वाटते त्यांनी स्त्रियांसाठी वेगळा मजला राखणारी हॉटेले शोधावीत. तोयोको इन ही 1986 साली टोकियोच्या कामाता भागात सुरू झालेली साखळी तर तिच्या हॉटेलांच्या बहुतांश व्यवस्थापक स्त्रियाच आहेत म्हणून ओळखली जाते.

लिफ्टच्या शेजारी एक मांडणी होती: दात घासायचे ब्रश, कंगवे, दाढीचे रेझर, कापसाच्या पट्ट्या, ग्रीन टीच्या पुड्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तू कमी व्हाव्यात म्हणून एप्रिल 2022 पासून तिथे कायदा लागू झाला आहे, आणि त्यानंतर पुष्कळ हॉटेलांनी या वस्तू खोलीत ठेवणे थांबवून लॉबीत मांडल्या आहेत. जे लागेल तेवढेच उचलून वर जायचे. रात्री घालायचा सुती अंगरखाही कित्येक ठिकाणी इथेच मापानुसार रचलेला असतो. मला मधले माप व्यवस्थित झाले.

खोलीचे दार उघडल्यावर डाव्या भिंतीवर कार्ड अडकवायची खाच होती. कार्ड तिच्यात घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. उजवीकडे न्हाणीघराचे दार, पुढे तीन पावलांची अरुंद वाट आणि मग पलंग, जो तीन बाजूंनी भिंतींना टेकला होता. पलंगासमोर भिंतीच्या लांबीचे टेबल, त्यावर टीव्ही, पाणी तापवायची किटली, केस वाळवायचे यंत्र. टेबलाखाली छोटा फ्रीज. हा फ्रीज बंद करून ठेवलेला असतो, त्याचा खटका आतल्या बाजूला शोधून चालू करावा लागतो. मोठी बॅग उघडायला जमिनीवर जागा नव्हतीच. पण पलंगाचे पाय उंच होते, आणि बॅग आडवी करून त्याखाली पूर्ण सरकवता आली. रोजचे कपडे काढून भिंतीवरच्या हँगरांना लावले, उरलेले बॅगेत ठेवले, आणि बॅग रोज उघडायची वेळ येऊ दिली नाही. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान बॅगा असतील तर आणखी सोपे जाते, असे माझे मत झाले आहे. पहिल्या संध्याकाळी भिंती अंगावर आल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवसापासून हात लांबवला की दिवा, चष्मा, पाणी, चार्जर सगळे जागच्या जागी मिळू लागले आणि ती अरुंद जागा सोयीची वाटायला लागली.

विजेचे एवढे लक्षात ठेवावे, की तिथे 100 व्होल्टचा पुरवठा आहे आणि सॉकेट दोन चपट्या पट्ट्यांचे असते. आपला तीन पायांचा प्लग त्यात बसत नाही, म्हणून अडॅप्टर इथूनच न्यावा. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतात. आपली इस्त्री किंवा पाणी तापवायची कॉइल मात्र नेऊ नये. ती तिथे नीट तापत नाही आणि खोलीत अशी उपकरणे वापरू देतही नाहीत. नोव्हेंबरात आणखी एक अडचण आली. काही इमारतींत थंड किंवा गरम हवेची सोय सबंध इमारतीसाठी हंगामानुसार बदलतात. बाहेर हवा सौम्य असली तरी आत गरम हवाच चालू होती, आणि खिडकी चार बोटांपलीकडे उघडत नव्हती. काउंटरवर सांगितल्यावर त्यांनी एक छोटा पंखा आणून दिला. न मागता ही सोय कळत नाही, म्हणून मागावी.

न्हाणीघराविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या सवयींना सर्वांत जास्त वळण इथेच द्यावे लागते. दाराचा उंबरा साधारण एक वीत उंच होता. रात्री झोपेत उठल्यावर त्याचे भान ठेवावे लागते. आत टब, बेसिन आणि संडास, सगळे एकसंध फिक्या प्लास्टिकचे, कुठे फरशीचा सांधा नाही. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी न्यू ओतानी हे हजाराहून अधिक खोल्यांचे हॉटेल फार थोड्या काळात उभे करायचे होते. तेव्हा टोटो कंपनीने न्हाणीघराचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर जोडण्याची पद्धत अमलात आणली, आणि पुढे ती देशभरच्या हॉटेलांत आणि घरांत पसरली. बेसिनचा नळ फिरवला की तोच टबावर येतो. एका कळीवर तापमानाचे आकडे असतात, ती 40 वर ठेवली की पाणी अंगाला सोसेल असे येते. दुसरी कळ पाणी नळाला सोडायचे की शॉवरला ते ठरवते. शॉवरखाली उभे राहण्यापूर्वी ती कुठे वळलेली आहे हे पाहावे. अंघोळ टबात उभे राहून किंवा बसून करायची, आणि पडद्याची खालची कड टबाच्या आत सोडायची, म्हणजे जमीन कोरडी राहते. बादली-तांब्याची सवय असलेल्या मला आधी हे अवघड वाटले, पण तो टब आखूड आणि खोल असल्यामुळे गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसता येते, आणि दिवसभर चालून दुखणाऱ्या पोटऱ्यांना त्याचा फार आराम पडतो.

टबाच्या वर भिंतीत एक छोटी चकती होती. ती ओढल्यावर आतून पातळ दोरी निघाली, समोरच्या भिंतीतल्या आकड्यापर्यंत पोहोचली आणि ताणून बसली. अशी ती कपडे वाळत घालायची दोरी होती. मोजे, ओढणी, पातळ कुर्ता रात्री धुऊन तिच्यावर टाकला आणि न्हाणीघराचा पंखा चालू ठेवला की सकाळी वाळलेले असत. आरशाचा मधला चौकोन मागून ऊब दिलेला असल्यामुळे वाफेने धुरकट होत नव्हता, त्यात कुंकू लावता येत होते. संडासाच्या पाणी फवारणाऱ्या बटणांचे अवडंबर वाटून घ्यायचे कारण नाही. पाण्याने स्वच्छता करण्याची आपली सवय तिथे उत्तम सांभाळली जाते. थांबवायचे बटण कोणते आहे ते मात्र आधी पाहून ठेवावे, आणि कागद संडासातच टाकावा, तो टोपलीत टाकायची पद्धत नाही.

जाड कपड्यांसाठी एका मजल्यावर नाणी घालून चालणारी धुलाई यंत्रे होती. धुवायला 300 येन आणि वाळवायला अर्ध्या तासाला 100 येन, आणि यंत्र 100 येनांची नाणीच घेत असल्यामुळे मी दिवसभर ती वेगळी साठवत असे. कोणते यंत्र मोकळे आहे ते खोलीतल्या टीव्हीवर दिसत होते. रात्री नऊनंतर गर्दी असते. सकाळी लवकर गेले तर थांबावे लागत नाही. जीन्स एका फेरीत वाळत नाही, दोन लागतात.

खोली रोज झाडून हवी असेल तर सकाळी दहा ते दुपारपर्यंत बाहेर राहावे लागते. नको असेल तर दारावर चुंबकाची पाटी लावायची. मग फक्त टॉवेल पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवून जातात. मी एक दिवसाआड साफसफाई घेतली. दार ओढले की आपोआप कुलूपबंद होते, त्यामुळे पाणी भरायला दोन मिनिटे गेले तरी कार्ड खिशात ठेवत असे. रात्री अकरानंतर बाहेरचा दरवाजाही त्याच कार्डाने उघडत होता.

नाश्ता दरातच धरलेला होता: भात, सूप, कोशिंबीर, पाव, उकडलेली अंडी, कॉफी. मी शाकाहारी आहे पण अंडे खाते, म्हणून माझे भागले. कडक शाकाहारी माणसाने मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपपासून सावध राहावे, कारण त्याचा पाया बहुधा वाळवलेल्या माशाच्या पाण्याचा असतो. कोरडा उपमा आणि पोह्यांची पाकिटे मी नेली होती, त्यात किटलीतले उकळते पाणी घालून पाच मिनिटे झाकले की संध्याकाळचे खाणे होते. किटलीत पाण्याखेरीज काहीही उकळू नये. मांस असलेले पदार्थ आणि ताजी फळे-भाज्या मात्र जपानला नेण्याच्या भानगडीत पडू नये, विमानतळावर त्यांचे नियम कडक आहेत.

टोकियोच्या निशी-कासाई भागात बरीच भारतीय कुटुंबे राहतात. आमच्या ओळखीचे नाशिकचे एक जोडपे तिथे आहे. ते एका संध्याकाळी भेटायला आले तेव्हा मी त्यांना वर बोलावले, तर त्या मुलीनेच सांगितले, "काकू, आम्हाला वर यायची परवानगी नसते. नोंद तुमच्या एकट्यांच्या नावावर आहे ना? आपण इथे खालीच बसू." हा नियम बहुतेक बिझनेस हॉटेलांत असतो. लॉबीतल्या टेबलावर बसून आम्ही तिने आणलेली थालिपिठे खाल्ली नाहीत, कारण बाहेरचे खाणे तिथे चालेल की नाही याची खात्री नव्हती. त्यांच्याशी तासभर बोलले आणि डबा वर नेला. एवढ्या दिवसांनी मराठीत सलग बोलल्यावर घशाशी काहीतरी दाटून आले, ते त्या दोघांनाही कळले असावे. मुक्काम मोठा असेल तर अशी एक भेट ठरवून ठेवावी. खोली कितीही सोयीची असली तरी संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधार पडल्यावर तिच्यात एकटेपणा जाणवतो.

टोकियोहून कानाझावाला जाताना मोठी बॅग मी कुरिअरने पुढे पाठवली, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हे करायला सांगेन. हॉटेलच्या काउंटरवरच फॉर्म मिळतो. पुढच्या हॉटेलचे नाव, पत्ता, फोन, चेक-इनची तारीख आणि आरक्षण कोणाच्या नावावर आहे, एवढे द्यावे लागते. जपानी अक्षरांतला पत्ता काउंटरवरच्या माणसाने माझ्या मोबाइलवर पाहून लिहून घेतला. दोन हजारांहून थोडे अधिक येन पडले. सकाळी दिलेली बॅग दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत ठेवले. शिनकानसेन या अतिवेगवान रेल्वेने टोकियो ते कानाझावा अडीच तासांचा प्रवास आहे आणि तिकीट चौदा हजार येनांच्या घरात जाते. हातात ओझे नसल्यामुळे जिने, तिकिटांची फाटके, गर्दी यांचे काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग खोलीत आणून ठेवलेली होती.

कानाझावात निवासकर रात्रीला 200 येन होता. इथली खोली थोडी मोठी होती आणि दाराच्या मागे लावलेला सुटकेचा नकाशा मी टोकियोपेक्षा अधिक लक्ष देऊन वाचला, कारण 1 जानेवारी 2024 चा 7.6 तीव्रतेचा भूकंप याच इशिकावा प्रांतातल्या नोतो द्वीपकल्पात झाला होता. पलंगाशेजारी भिंतीला टॉर्च अडकवलेला असतो. तो उपसला की आपोआप पेटतो. आपत्कालीन जिना कोणत्या बाजूला आहे हे पहिल्याच दिवशी चालत जाऊन पाहावे. काही खिडक्यांवर लाल उलटा त्रिकोण चिकटवलेला दिसतो. अग्निशमन दलाला आत यायची जागा म्हणून ती खूण असते, त्या खिडकीसमोर सामान रचू नये.

या हॉटेलात सर्वांत वरच्या मजल्यावर सार्वजनिक स्नानगृह होते, स्त्रियांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे. स्त्रियांच्या बाजूच्या दाराला आकडे दाबून उघडायचे कुलूप होते आणि तो आकडा चेक-इनच्या वेळी चिठ्ठीवर लिहून दिला होता. तिथे कपडे पूर्ण काढूनच जावे लागते, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. पहिल्या संध्याकाळी मी दारापर्यंत जाऊन परत आले. आपल्या घडणीत हे कुठेच बसत नाही आणि त्याबद्दल कोणी स्वतःवर जबरदस्ती करू नये. खोलीत टब असतोच. दुसऱ्या दिवशी मी साडेसातची, लोक जेवायला बाहेर पडतात ती वेळ निवडली. खोलीतून लहान-मोठे दोन्ही टॉवेल घेतले, अंगरखा घातला, त्याची डावी बाजू उजवीवर येईल अशी बांधली, कारण उलटी बांधणी तिथे मृत व्यक्तीला करतात. बाहेरच्या खोलीत टोपलीत कपडे ठेवले, केस वर बांधले आणि लहान टॉवेल समोर धरून आत गेले. भिंतीकडे तोंड करून बुटकी स्टुले ओळीने मांडलेली होती, प्रत्येकापुढे शॉवर, साबण आणि एक छोटी घमेली. बसून, साबण लावून, अंग स्वच्छ धुतल्यानंतरच गरम पाण्यात उतरायचे. टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, तो डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. आत दोन बायका होत्या. एकीने मान किंचित लववली, दुसरीने डोळे मिटलेले होते, आणि कोणी माझ्याकडे पाहिले नाही. पाण्यात उतरल्यावर पाचेक मिनिटांत लाज ओसरली. नंतर मात्र मी रोज गेले. बाहेर येण्यापूर्वी लहान टॉवेलने अंग पुसून घ्यायचे, म्हणजे कपडे बदलायच्या खोलीची जमीन ओली होत नाही, आणि आपण वापरलेले स्टूल धुऊन ठेवायचे.

यात एक अडचण आपल्याकडच्या पुष्कळ जणींना येऊ शकते. अंगावर टॅटू असलेल्यांना अनेक स्नानगृहांत प्रवेश नसतो, आणि आपल्या आई-आज्यांच्या हातावर, कपाळावर गोंदण असते. माझ्या मनगटावर चार ठिपक्यांचे गोंदण आहे. मी काउंटरवर ते दाखवून विचारले. त्यांनी कातडीच्या रंगाची पट्टी लावून जा असे सांगितले. सगळीकडे हे चालेलच असे नाही, म्हणून आधी विचारलेले बरे.

चेक-आउट सकाळी दहाला होते. ते अगदी साधे आहे: कार्ड काउंटरशेजारच्या पेटीत टाकायचे की झाले. खोली तपासेपर्यंत कोणी थांबवत नाही आणि टिप द्यायची पद्धत नाही. वेळ टळली तर तासाच्या हिशेबाने जादा पैसे घेतात. त्या दिवसाची गाडी संध्याकाळची असेल तर बॅग पुन्हा काउंटरवर ठेवता येते. मी तशी ठेवली आणि केनरोकुएन बागेत गेले. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून तिथल्या झाडांना दोरखंडांचे आधार बांधण्याचे काम 1 नोव्हेंबरपासूनच सुरू झालेले होते.

ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांना न्हाणीघराचा उंबरा आणि त्यानंतर टबाची उंच कड ओलांडणे कठीण जाईल. अशांनी आरक्षण करतानाच व्हीलचेअर जाऊ शकेल अशी खोली मागावी. पुष्कळ हॉटेलांत तशी एखादीच असते, म्हणून ती दोन-तीन महिने आधी बघावी लागते. तिच्यात उंबरा नसतो, धरायला दांडे असतात आणि जागाही दीडपट मिळते. दोघांनी 140 सेंटिमीटरच्या पलंगावर भागवायचा विचार करत असाल, तर मी तो सुचवणार नाही. त्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन एकेरी खोल्या घ्याव्यात. दर तपासून पाहिले तर कित्येकदा दोन खोल्यांचे भाडे एका मोठ्या हॉटेलातल्या जोडखोलीपेक्षा कमीच पडते.